यंत्रमानवाचा अभ्यास आणि विद्यार्थ्याचा छंद

विद्यार्थ्याने आपला वेळ कसा घालवावा, हा प्रश्न जुना असला तरी प्रत्येक घरात तो दरवर्षी नवा होऊन येतो. मुलगा नववीतून दहावीत गेला की भिंतीवरचे व्हायोलिन खाली उतरत नाही, रंगांच्या पेट्या माळ्यावर जातात, आणि अंगणातला चेंडू कोठे नाहीसा झाला हे कोणी विचारीत नाही. ‘आता छंद पुरे, अभ्यास कर,’ हे वाक्य पालकांच्या इतकेच आम्ही शिक्षकांनीही उच्चारलेले आहे. त्या वाक्यात शहाणपण किती आणि भीती किती, याचा विचार करण्याचा प्रसंग या वर्षी आमच्यावर आला. ज्या शास्त्राच्या निमित्ताने तो आला, ते शास्त्रही आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. म्हणून दोहोंचा विचार या लेखात एकत्र करण्याचे योजिले आहे.

प्रसंग असा. आमच्या शाळेतून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक विद्यार्थी सुटीच्या दिवशी आमच्या घरी आला. अभियांत्रिकीची पदवी त्याने मिळविली असून, यंत्रमानवशास्त्रात, म्हणजे ज्याला व्यवहारात रोबॉटिक्स म्हणतात त्या विषयात, पुढील पदवीचा अभ्यास करावा अशी त्याची इच्छा आहे. अर्जासोबत स्वतःची ओळख करून देणारे एक टिपण जोडावयाचे होते, व ते आम्ही नजरेखालून घालावे अशी त्याची विनंती होती. टिपणात दोन मथळे होते. ‘संशोधनाचे आवडीचे विषय’ या मथळ्याखाली त्याने दोन पाने भरली होती. ‘छंद’ या मथळ्याखालील जागा मात्र कोरी होती. कारण विचारता तो म्हणाला, “सर, दहावीपासून छंद असा काही राहिलाच नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणे आम्हास अधिक लागले. ते का लागले, हे शेवटी सांगू. प्रथम त्याने भरलेल्या पानांकडे वळू.

‘रोबॉट’ हा शब्द चेक भाषेतून आला आहे. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकात तो प्रथम योजिला, व तो त्याला सुचविला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. त्या भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीचे काम. आपण ज्याला वेठ म्हणतो तेच. तेव्हा रोबॉट म्हणजे वेठीस धरलेला चाकर. परंतु आज या शब्दाचा अर्थ बराच विस्तारला आहे. ज्या यंत्रास भोवतालचे काही जाणता येते, जाणलेल्यावरून काय करावे हे ठरविता येते, व ठरविलेले स्वतः करिता येते, ते यंत्र रोबॉट होय. त्याला माणसासारखे हातपाय असलेच पाहिजेत असे नाही. १९६१ साली अमेरिकेतील एका मोटार कारखान्यात कामाला लागलेला ‘युनिमेट’ हा केवळ एक अवजड हात होता. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे तुकडे उचलून ठेवणे हे त्याचे काम. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यानंतर त्यातून बाहेर पडलेला ‘प्रज्ञान’ हा सहा चाकांचा व २६ किलो वजनाचा लहानसा गाडाच होता. ‘यंत्रमानव’ या आपल्या शब्दातील ‘मानव’ हा त्याच्या रूपाचा नसून त्याच्याकडून अपेक्षिलेल्या शहाणपणाचा निदर्शक समजावा.

आमच्या विद्यार्थ्याने आवडीचे म्हणून तीन विषय लिहिले होते. पहिला विषय, यंत्राने ‘मी कोठे आहे?’ हे ओळखणे. हा प्रश्न पोरकट वाटेल, परंतु त्याची परीक्षा कोणासही घेता येईल. शाळेच्या मैदानावर डोळ्यांस रुमाल बांधून समोरच्या खांबाकडे सरळ चालत जावे. आपण पावले मोजतो, सरळ चाललो आहोत अशी आपली खात्री असते, आणि रुमाल सोडल्यावर खांब भलतीकडेच असतो. दिशेत अवघ्या एका अंशाची चूक असली, तरी १०० मीटर गेल्यावर आपण सुमारे पावणेदोन मीटर बाजूला पडतो. आणि चूक वाटेत वाढत गेली तर विचारूच नये. यंत्राची चाके घसरतात, तेव्हा त्याचीही हीच गत होते. परंतु चालता चालता एखाद्या बाजूने चर्चची घंटा ऐकू आली, तर ‘घंटा उजवीकडे हवी होती, ती समोरून येते, अर्थी मी वळलो आहे,’ असे अनुमान करून आपण पाऊल सुधारितो. स्वतःचा अंदाज थोडा खरा व थोडा खोटा, कानाची साक्षही थोडी खरी व थोडी खोटी. दोहोंस योग्य ते वजन देऊन त्यांतून अधिक भरवशाचा निर्णय कसा काढावा, याची गणिती रीत रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. अंतराळयानांपासून जहाजांपर्यंत ती आज वापरली जाते.

जमिनीवर व समुद्राच्या पृष्ठावर उपग्रहांचे संदेश साहाय्यास येतात. पाचूबंदर किंवा अर्नाळा येथून निघणाऱ्या होड्यांवरही त्यांचा उपयोग होतो. पाण्याखाली मात्र ते संदेश पोहोचत नाहीत. तेथे यंत्राने काय करावे? या प्रश्नाशी झुंजणारे विद्यार्थी आपल्यापासून दूर नाहीत. पवई येथील आय. आय. टी. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ नावाचे पाण्याखाली स्वतःच्या बुद्धीने चालणारे वाहन बांधिले, त्याच्या एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या काढिल्या, व अमेरिकेतील सॅन डिएगो येथे त्या काळी भरणाऱ्या ‘रोबोसब’ या स्पर्धेत ते उतरविले. त्या स्पर्धेत वाहन एकदा पाण्यात सोडले की त्याला काठावरून कोणी चालवावयाचे नसते. दारासारख्या चौकटीतून जाणे, रंग ओळखणे, खुणा योग्य जागी टाकणे, आणि तळाशी ठेवलेल्या यंत्रातून निघणाऱ्या टिकटिक ध्वनीचा माग काढीत जाणे, ही कामे त्याने आपली आपण करावयाची असतात. ध्वनी पाण्यात सेकंदास सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. वाहनावर थोड्या थोड्या अंतरावर बसविलेल्या ‘कानां’पैकी कोणास तो क्षणाच्या अल्पशा भागाने आधी ऐकू आला, यावरून त्याची दिशा काढितात. आमच्या विद्यार्थ्याच्या दोन पानांपैकी पुरते एक पान याच विषयाने भरले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा विषय, पाहणे व धरणे. होळीच्या बाजारात भाजी निवडणारी आपली आई टोमॅटो हाती घेते, दाबून पाहते, पिकला की कच्चा हे क्षणात ओळखते, आणि तो न फुटेल अशा बेताने टोपलीत टाकते. हे काम यंत्राकडून करवून घेणे फार कठीण आहे. टोमॅटो पानाआड अर्धा झाकलेला असतो, सावलीत त्याचा रंग निराळा दिसतो, आणि बोटांचा जोर किंचित कमी झाला तर तो निसटतो, किंचित अधिक झाला तर चिरडतो. हान्स मोराव्हेक या शास्त्रज्ञाने १९८८ साली एक विलक्षण गोष्ट नमूद केली, ती अशी की, बुद्धिबळासारखे जे मोठ्यांना अवघड वाटते ते यंत्रास त्या मानाने सोपे जाते, आणि वर्षाचे मूल जे सहज करिते, म्हणजे पाहणे, ओळखणे व हालचाल करणे, ते यंत्रास अतिशय अवघड जाते. वाडीत खुरपे धरणाऱ्या हातांस कमी लेखणाऱ्याने हे अवश्य लक्षात घ्यावे. त्या हातांतील विद्या कशी उकलावी, हे आज मोठमोठ्या प्रयोगशाळांतून शिकण्याचा विषय झाले आहे.

तिसरा विषय, चूक ओळखून ती तत्काळ सुधारणे. यास शास्त्रात ‘प्रत्याभरण’ म्हणतात. नाव कठीण, परंतु गोष्ट व्हायोलिन वाजविणाऱ्यास ठाऊक असलेलीच आहे. तार पिळावी, सूर ऐकावा, हव्या त्या सुराशी ताडून पाहावा, कमी असल्यास आणखी पिळावी, अधिक झाल्यास सैल करावी. येथे दोन दोष संभवतात. फार भीत भीत पिळल्यास सूर लागावयास अर्धा तास जातो. एकदम जोराने पिळल्यास सूर पुढे निघून जातो, मग मागे घ्यावा लागतो, तो पुन्हा फार मागे येतो, आणि तार कधीच स्थिर होत नाही. यंत्रमानवाचा हात असाच थरथरत राहू नये म्हणून सुधारणा किती व केव्हा करावी, याचे मोठे शास्त्र बनले आहे. शिक्षकाने व पालकाने मुलास केव्हा व किती बोलावे, यासही हाच नियम लागू पडेल असे आम्हास वाटते.

येथपर्यंत अभ्यासाची बाजू झाली. आता कोऱ्या जागेकडे येऊ. ज्यांनी या शास्त्राचा पाया घातला, किंवा त्याच्या आसपास काम केले, ते लोक छंदाविषयी कसे होते?

क्लॉड शॅनन हे अमेरिकेतील थोर गणिती. १९५० साली त्यांनी ‘थिसियस’ नावाचा एक यांत्रिक उंदीर तयार केला. भूलभुलैयात सोडला असता तो प्रथम ठेचकाळत वाट शोधी, व दुसऱ्या खेपेस न चुकता थेट जाई. त्याची स्मरणशक्ती जमिनीखाली बसविलेल्या विजेच्या खटक्यांत होती. हेच शॅनन एका चाकाच्या सायकलीवर बसून संशोधनसंस्थेच्या ओसरीतून फेऱ्या मारीत, आणि हवेत चेंडू झेलण्याचा त्यांना मोठा नाद होता. पुढे त्यांनी चेंडू झेलणारे एक यंत्रही केले, आणि किती हातांनी किती चेंडू झेलता येतील याचे गणितही मांडिले.

आपल्या मराठी मुलुखातील उदाहरण शंकर आबाजी भिसे यांचे. त्यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. दृष्टिभ्रमाचे चमत्कारिक प्रयोग रचून लोकांस दाखविणे हा त्यांचा आवडीचा उद्योग होता. जी वस्तू डोळ्यांसमोर आहे ती दिसू नये, किंवा एकीच्या जागी दुसरी दिसावी, यासाठी आरसे, प्रकाश व कळा यांची जी जुळवाजुळव करावी लागते, ती यंत्ररचनेचीच शाळा होय. पुढे जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या त्यांच्या कल्पनेस इंग्लंडमधील एका स्पर्धेत पारितोषिक मिळाले. ते विलायतेस गेले. दादाभाई नवरोजींचे साहाय्य त्यांना लाभले, आणि छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्यांनी सिद्ध केले. द्रव्याच्या बाबतीत त्यांच्या वाट्यास निराशाही पुष्कळ आली. तथापि १९३५ साली न्यूयॉर्क येथे देह ठेवीपर्यंत नवी रचना करण्याची त्यांची हौस सरली नाही.

आणि ‘रोबॉट’ हा शब्द जगास देणारा चापेक? तो निष्ठावंत माळी होता. प्राग शहरातील आपल्या बागेत तो राबे, व बागवानाच्या वर्षभराच्या फजितीवर त्याने १९२९ साली एक विनोदी पुस्तकही लिहिले. त्याच्या बागेचा यंत्रांस काही उपयोग झाला असे आम्ही म्हणत नाही. उलट, येथेच एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. छंद पुढे कोठे तरी उपयोगी पडतो म्हणूनच तो करावा, असे मानल्यास तो छंद न राहता आणखी एक शिकवणी होते. शॅनन झेलत असत ते चेंडूंचे गणित मांडावयाचे म्हणून नव्हे. झेलण्यात आनंद होता म्हणून. गणित मागून आले. न येते तरी चालले असते. छंदाने एक गोष्ट मात्र निश्चित साधते. कोणी गुण देत नसता, कोणी रागे भरत नसता, चुकलेले काम पुन्हा पुन्हा करून पाहण्याची सवय लागते. आणि संशोधन म्हणजे तरी दुसरे काय? शाळेच्या प्रश्नपत्रिकेस उत्तर असते व ते शिक्षकांस ठाऊक असते. संशोधनातील प्रश्नाचे उत्तर कोणासच ठाऊक नसते. अशा प्रश्नासमोर न कंटाळता बसण्याची तालीम परीक्षेने होत नाही, ती छंदाने होते.

मग मोबाइलवर तासन्‌तास चित्रे सरकविणे हाही छंदच म्हणावा काय, असे पालक आम्हास विचारतील. आम्ही तीन कसोट्या सुचवितो. त्या उद्योगाने मुलाच्या हातून काही घडते काय? बिघडले तर ते पुन्हा करून पाहावे असे त्यास वाटते काय? आणि कोणी पाहणारे व वाखाणणारे नसतानाही तो ते करितो काय? तिन्ही प्रश्नांस ‘होय’ असे उत्तर आले, तर तो छंद होय. मग ते बासरी वाजविणे असो, मोगऱ्याची कलमे बांधणे असो, की जुना पंखा उघडून पाहणे असो. दहावीच्या वर्षी त्यास चार तास द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु दिवसातील अर्धा तास देऊन कोणाचे वर्ष बुडाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पालकांनी करावयाच्या गोष्टीचे एक सुंदर चित्र आम्हास यंत्रमानवांच्याच खेळात आढळले. आशिया व पॅसिफिक भागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ नावाची स्पर्धा २००२ पासून दरवर्षी निरनिराळ्या देशांत भरत आली आहे. ती २००८ साली पुण्यास भरली, तेव्हा तिचा विषय आपल्या गोविंदांच्या दहीहंडीवरून घेतला होता. २०१४ साली ती पुन्हा पुण्यास भरली, तेव्हा विषय होता मातापित्यांच्या गौरवाचा. प्रत्येक संघाने दोन यंत्रे आणावयाची. एक पालक, दुसरे बालक. पालकयंत्राने बालकयंत्रास बागेत न्यावयाचे, त्याच्याबरोबर सीसॉवर खेळावयाचे, त्यास झोपाळ्यावर झोके द्यावयाचे. परंतु खांबांवरून पावले टाकीत जाणे व शिड्यांच्या चौकटीवर चढणे हे बालकयंत्राने स्वतःच करावयाचे होते. तेथे पालकाने त्यास पायथ्याशी सोडून हात काढून घ्यावयाचा. त्या वर्षी व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांनी विजय मिळविला. नियम करणाऱ्यांनी खेळ म्हणून जे योजिले, ते घरोघरी भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. नेऊन सोडावे, झोका द्यावा, आणि चढावयाच्या वेळी हात काढावा.

आता, आरंभी राखून ठेवलेली गोष्ट सांगितली पाहिजे. सहासात वर्षांपूर्वी, हाच विद्यार्थी दहावीच्या वर्गात असता, तास चालू असताना बाकाखाली काही तरी खटपट करीत असलेला आम्हास दिसला. आम्ही ती वस्तू हस्तगत केली. पत्र्याच्या चपट्या डब्याची एक होडी होती. तीत मोडक्या टेपरेकॉर्डरमधील लहानशी मोटार बसविलेली, व मागे प्लास्टिकचा पंखा डकविलेला. हे काय म्हणून दरडाविता तो म्हणाला, “सर, आमच्या बावखलात सोडतो. पण ती सरळ जात नाही, सारखी वळते.” आम्ही म्हणालो, “आधी तू सरळ हो, मग होडी होईल.” वर्ग हसला. आम्हासही त्या वेळी आपली कोटी साधली असे वाटले. वर्षअखेर परत देऊ असे सांगून होडी आम्ही टेबलाच्या खणात टाकिली. वर्ष संपले, मुलगा गेला, आणि होडी तेथेच राहिली.

त्याचे टिपण वाचताना पहिल्याच पानावर आम्ही थबकलो. पाण्यात सोडलेले यंत्र कोणी न हाकता आपल्या वाटेवर कसे राहील, हाच त्याच्या संशोधनाचा विषय आहे. चौदा-पंधराव्या वर्षी बावखलाच्या काठी उकिडवे बसून जो प्रश्न तो सोडवू पाहत होता, तोच त्याने आता गणिताच्या भाषेत मांडिला आहे. दोन मथळ्यांखाली लिहावयाची गोष्ट एकच होती. त्यांपैकी एक जागा कोरी राहिली, ती आमच्यामुळे.

शुभवर्तमानात एका चाकराचा दाखला आहे. धन्याने सोपविलेले द्रव्य त्याने भीतीने जमिनीत पुरून ठेविले, व हिशेबाच्या दिवशी त्यास उत्तर देता आले नाही. त्या चाकराने निदान स्वतःस सोपविलेले पुरले; आम्ही दुसऱ्यास सोपविलेले खणात कोंडिले. तो विद्यार्थी तरीही आपल्या वाटेस लागला, ही परमेश्वराची कृपा. परंतु ज्यांच्या हातून अशा वस्तू काढून घेतल्या व जे पुन्हा त्या वाटेस गेले नाहीत, अशी मुले किती, हे आम्हास कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खण उघडून पाहिला. खडूचे तुकडे व जुन्या हजेरीपत्रकांच्या खाली होडी होती. पत्र्यास गंज चढला होता, परंतु मोटार शाबूत होती. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्ही ती त्याच्या हाती दिली व म्हणालो, “ही परत करावयास उशीर झाला. आणि त्या दिवशी वर्गासमोर बोललो, ते चुकीचे बोललो.” तो काही वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग पंखा बोटाने फिरवून हसला व म्हणाला, “सर, वजन एका बाजूला जास्त होतं. तेव्हा लक्षातच आलं नाही.” टिपणातील कोऱ्या जागी त्याने काय लिहिले ते त्याने आम्हास नंतर दाखविले. लिहिले होते ते इतकेच, की लहानपणी होड्या करीत असे. मध्यंतरी खंड पडला. आता पुन्हा आरंभ केला आहे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच की, अभ्यास मनापासून करावा, कारण कालमनची रीत गणितावाचून उमगत नाही. परंतु हातातली होडी टाकू नये. पालकांस विनंती अशी की, मुलाच्या दप्तरात एखादी मोडकी वस्तू सापडली, तर ती फेकण्यापूर्वी तिने काय करावयाचे आहे हे त्यास एकदा विचारावे. आणि आम्ही शिक्षकांनी आपापल्या टेबलांचे खण या सुटीत एकदा उघडून पाहावेत.